रायफलच्या ट्रिगरमध्ये चिकटा साचू नये म्हणून: कोणतं क्लीनर, कोणतं तेल, आणि किती

तेल कमी पडलं म्हणून रायफलचा ट्रिगर बिघडल्याची उदाहरणं फार थोडी. जास्त तेल, भलतंच तेल आणि नळी साफ करताना मागे ओघळलेलं सॉल्व्हंट (मळ विरघळवणारं द्रव), या तिघांनी बिघडलेले ट्रिगर मात्र रेंजवर कायम दिसतात. नवा नेमबाज रायफलची काळजी घेतो ती मनापासून, पण घरातल्या कुरकुरणाऱ्या बिजागरीचा नियम तो ट्रिगरलाही लावतो: आवाज आला, अडखळलं, की तेल सोडा. ट्रिगरच्या बाबतीत नेमकं तेच नडतं. हा लेख क्लबात .२२ (छोट्या काडतुसाची) किंवा एअर रायफल हातात घेतलेल्या, सहा महिने ते दोन वर्षं सराव झालेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट. रायफल क्लबची असेल तर खालचं काहीही करण्याआधी प्रशिक्षकांना किंवा आर्मररला (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराला) विचारा. .२२ रायफल शस्त्र कायदा, १९५९ खाली येते. तिची दुरुस्ती परवानाधारक माणसाचंच काम. इथे आपण फक्त सफाई आणि तेलपाणी बघणार आहोत. ट्रिगरचे स्क्रू फिरवणं, सिअरला पॉलिश करणं, स्प्रिंग बदलणं यातलं काही यात नाही.

आत नेमकं काय घडतं

ट्रिगरची पेटी उघडून पाहिलीत तर आत दोन-तीन छोटे पोलादी तुकडे, काही पिना आणि बारीक स्प्रिंगा दिसतील. त्यातला सिअर हा तुकडा फायरिंग पिन (गोळीच्या बुडावर ठोका देणारी सळई) मागे रोखून धरतो. ट्रिगर ओढला की सिअरखालचा आधार सरकतो, सिअर खाली जातो आणि पिन सुटते. सिअर आणि त्याचा आधार एकमेकांना टेकतात ती कड केसाच्या जाडीशी तुलना करण्याइतकी लहान असते. स्पर्धेच्या रायफलचा ट्रिगर साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास लावलेला असतो. (एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅमची अट आहे, १० आणि ५० मीटर रायफलला अशी किमान मर्यादा नाही.) शंभर ग्रॅमला सुटणाऱ्या यंत्रणेतल्या स्प्रिंगा किती नाजूक असतील याचा अंदाज करा. या स्प्रिंगांनी प्रत्येक गोळीनंतर सगळे तुकडे परत जागेवर बसवायचे असतात. मध्ये चिकट थर आला की तुकडा सावकाश परततो, अर्धाच परततो, कधी परततच नाही.

याचा पहिला फटका गुणांना बसतो. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, तर १० मीटर एअर रायफलला दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेतलं. हे अंतिम फेरीचे गुण दशांशात मोजतात आणि एकेक जण दशांशांवरच बाद होतो. तिथे ट्रिगर एका शॉटला एक सुटणार आणि पुढच्याला वेगळा, हे परवडणारं नाही.

दुसरा फटका याहून फार गंभीर. सिअर पूर्ण वर आला नाही तर बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) बंद करताना किंवा सेफ्टी (ट्रिगर अडवणारी कळ) काढताना, बोट ट्रिगरवर नसतानाही रायफल सुटू शकते. आत चिकटलेली वस्तू काय करू शकते याचं एक मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. एप्रिल २०१४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हनच्या, एक्स-मार्क प्रो ट्रिगर बसवलेल्या आणि मे २००६ ते एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या रायफली परत मागवल्या. जुळणीच्या वेळी वापरलेला चिकटपदार्थ काही ट्रिगरांत जास्त झाला होता आणि त्यामुळे रायफल अनपेक्षितपणे सुटण्याची शक्यता निर्माण झाली होती. तो चिकटपदार्थ कारखान्यातच गेला होता. आपण तेलाच्या बाटलीने तीच अवस्था घरी आणू नये, एवढ्यासाठी हे सांगतोय.

चिकटा येतो कुठून

पहिलं कारण तेलाच्या स्वभावात आहे. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, सुकून कडक थर बनतं. म्हणूनच ते लाकडी कुंद्याला चोळतात. मोहरी, तीळ, शेंगदाणा ही तेलं तितकी कडक होत नसली तरी काही महिन्यांत चिकट होतात. खोबरेल आणखी वेगळ्या कारणाने बाद. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं, म्हणजे पुण्या-नाशिकच्या डिसेंबरच्या सकाळी तुमच्या ट्रिगरमध्ये ते घट्ट बसलेलं असेल. स्वयंपाकघरातलं आणि डोक्याला लावायचं कोणतंही तेल रायफलच्या जवळ नको. खनिज तेलं याहून खूप टिकाऊ, कृत्रिम तेलं त्याहून टिकाऊ. पण थर जाड असेल तर त्यांचाही चिकटा होतो, कारण धूळ त्यांनाही धरते.

दुसरं कारण .२२ ची गोळी. शिशाच्या या गोळीवर मेणासारखं वंगण असतं. बोल्ट उघडला की मेणाचे कण, शिशाची बारीक पूड, न जळालेली बंदुकीची दारू आणि काजळी मागे येते. बोल्ट ज्या खाचेतून मागेपुढे होतो तिच्या तळाशी एक फट असते आणि त्या फटीतूनच सिअर डोकं वर काढतो. वरचं सगळं किटण तिथूनच आत उतरतं. आत आधीच तेल असेल तर दोन्ही मिळून काळा लेप तयार होतो.

तिसरं कारण आपले हात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. नळीत भरपूर सॉल्व्हंट सोडायचं, मग तेलाचा पॅच (कापडाचा छोटा तुकडा) फिरवायचा आणि रायफल नळी वर करून रॅकला उभी करायची. रात्रभर नळीतलं जास्तीचं सगळं चेंबरमधून (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेतून) ओघळत थेट ट्रिगरमध्ये जातं. यावर उपाय फुकटचा आहे. साफ करताना नळीचं तोंड ॲक्शनपेक्षा (बोल्ट आणि ट्रिगर बसतात त्या भागापेक्षा) खाली ठेवा, बोल्टच्या जागी बोअर गाइड (सफाईची सळई सरळ नळीत नेणारी पोकळ नळी) घाला, आणि सफाईनंतर पहिली रात्र रायफल तोंड खाली करून, मऊ कापडावर ठेवा. लेखातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं पाळाच.

क्लीनर निवडताना

ट्रिगरसाठी क्लीनर असं हवं की ते मेण आणि जुनं तेल विरघळवेल, पूर्ण उडून जाईल आणि मागे काहीही ठेवणार नाही. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची.

माझी पहिली पसंती लायटर फ्लुइड, म्हणजे शुद्ध केलेला नॅफ्था. पानटपरीवर मिळणारा गॅस नव्हे, वातीच्या लायटरमध्ये भरायचं पातळ द्रव. मेण आणि तेल दोन्ही काढतं, झटकन उडतं, पोलादाला काही करत नाही. स्पर्धेचे ट्रिगर बनवणारे कित्येक जण हेच सुचवतात. ते कमालीचं ज्वालाग्राही आहे, एवढं विसरायचं नाही.

दुसरा पर्याय ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळतं. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं घेऊ नका. उरलेलं जवळजवळ सगळं पाणीच असतं आणि ते पिनांच्या भोकांत जाऊन बसतं. हँड सॅनिटायझर तर मुळीच नको, त्यात ग्लिसरीन असतं, म्हणजे आपण स्वतःच चिकटा भरणार. मेणापुढे अल्कोहोलची ताकद नॅफ्थापेक्षा कमी पडते, पण एअर रायफलची बाहेरची धूळ पुसायला ते चांगलं.

इलेक्ट्रिकच्या कामाचं कॉन्टॅक्ट क्लीनर, डब्यावर ‘मागे थर राहत नाही’ आणि ‘प्लॅस्टिकला सुरक्षित’ असं लिहिलेलं असेल तर चालतं. डब्याच्या बारीक नळीतून येणाऱ्या फवाऱ्याचा जोर मात्र सांभाळा.

गॅरेजमधला ब्रेक क्लीनर काम झटपट करतो खरा, पण प्लॅस्टिक, रबर आणि कुंद्याच्या रंगाचा तो शत्रू आहे. ॲसिटोन आणि थिनर त्याच रांगेतले. रॉकेल आणि डिझेल मागे ओशटपणा ठेवतात, आणि साफ करून तोच ओशटपणा परत ठेवायचा असेल तर साफ कशाला करायचं? रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइनही याच कारणाने टाळा. पेट्रोलचा विचारसुद्धा करू नका.

होप्स नंबर ९ सारखी नळीची सॉल्व्हंटं नळीपुरतीच. त्यांचं काम वेगळं आणि ती आत ओली राहतात.

आता डब्ल्यूडी-४०. घरोघरी असतं म्हणून हात तिकडेच जातो. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगोत ते तयार झालं ते पाणी हटवून धातूला गंजापासून वाचवण्यासाठी. त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि हलक्या तेलाचा थर मागे राहतो. एकदा मारलं तर फारसं बिघडत नाही. पण दर महिन्याला मारत गेलात तर थरावर थर चढतो, धूळ धरतो आणि ट्रिगर जड होतो. पावसात भिजलेल्या रायफलच्या बाहेरच्या भागावर जरूर वापरा, ट्रिगरमध्ये नको.

तेल निवडताना

आधी रायफलची पुस्तिका वाचा. कित्येक ट्रिगर कोरडेच चालवायचे असतात आणि पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं असेल तर हा भाग तुमच्यासाठी संपला.

तेल द्यायचंच असेल तर पातळ कृत्रिम तेल, सुईच्या टोकाच्या बाटलीतलं. घड्याळासाठी किंवा बारीक यंत्रांसाठी जे विकतात ते चालतं. शिवणयंत्राचं पांढरं तेल हा स्वस्त आणि बराच चांगला पर्याय. ते शुद्ध खनिज तेल असतं. उघड्या बाटलीतून सुटं मिळतं ते मात्र घेऊ नका, सीलबंदच घ्या. पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) कोरडं वंगणही चांगलं: बाटली नीट हलवा, अगदी थोडं लावा, द्रव उडून पातळ पांढरा थर राहू द्या. धूळ धरत नाही हा त्याचा मोठा गुण, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत गंज रोखण्यात ते तेलापेक्षा कमी पडतं हा दोष.

साफ करणं, वंगण देणं आणि गंज रोखणं अशी तिन्ही कामं करणारी सीएलपी तेलं बोल्टसाठी उत्तम. ट्रिगरमध्ये त्यांचा थर जाड पडतो. बॅलिस्टॉल हे तेल लाकडाला, चामड्याला आणि बाहेरच्या धातूला फार छान, पण आत नको. ग्रीस बोल्टच्या मागच्या उतारावर, मोहरीएवढं. ट्रिगरच्या पेटीत पुस्तिकेने सांगितल्याशिवाय ग्रीस नाही. ग्रॅफाइटची पूड लोक कुलुपासाठी वापरतात म्हणून रायफललाही सुचवतात. दमट हवेत ॲल्युमिनियमच्या पेटीला ती कुरतडते, म्हणून मी ती टाळायला सांगतो.

हाताशी असलेलं तेल कसं आहे हे स्वतः तपासता येतं. पोलादाची एक स्वच्छ पट्टी घ्या, प्रत्येक तेलाचा एक थेंब वेगवेगळ्या जागी ठेवा, नावं लिहा आणि पट्टी तिरकी करून उघड्या कपाटात ठेवून द्या. महिन्या-दोन महिन्यांनी बोटाने स्पर्श करा. ओलं आणि घसरतं राहिलं ते ठेवा, बोटाला चिकटलं ते बाद.

आता प्रत्यक्ष काम

१. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. बोल्ट उघडा, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा, करंगळीने चाचपा. मग बोल्ट काढून बाजूला ठेवा. हे रोजचं असलं तरी आज परत करा.

२. खिडक्या उघडा. देवघरातला दिवा, उदबत्ती, गॅस, सिगारेट, चालू पंख्याचं ठिणगी पडणारं बटण यांच्यापासून लांब बसा; गच्ची किंवा व्हरांडा उत्तम. नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा घाला. .२२ च्या किटणात शिसं असतं, म्हणून मध्येच खायचं-प्यायचं नाही आणि लहान मुलं जवळ नकोत.

३. आधी लक्षणं लिहून ठेवा. ट्रिगर सोडल्यावर लगेच पुढे येतो की रेंगाळतो? पहिल्या टप्प्यात खरखर आहे का? वजनकाटा असेल तर पाच वेळा वजन घ्या. आकडे एकमेकांपासून लांब पडत असतील तर आत काहीतरी आहे. हंगाम संपल्यावरची नेहमीची सफाई नसेल आणि सगळं ठीक असेल तर थांबा, धुऊ नका.

४. ॲक्शन कुंद्यातून काढा, तेही तुम्हाला कोणी शिकवलं असेल तरच. आधी मोबाइलवर फोटो घ्या. परत बसवताना स्क्रू पुस्तिकेतल्या टॉर्कलाच आवळा. डायऑप्टर साइट (नेम धरायची मागची भोकाची चकती) काढून ठेवा, तिच्यावर सॉल्व्हंट उडायला नको. ट्रिगरची पेटी वेगळी काढू नका.

५. ॲक्शन ट्रेवर धरा, नळीचं तोंड थोडं वर, म्हणजे द्रव चेंबरकडे न जाता मागे आणि खाली वाहील. सिअरच्या फटीतून लायटर फ्लुइडचे काही थेंब सोडा. ट्रिगर हलके हलके हलवा. खालून गळणारं द्रव पांढऱ्या कागदावर पडू द्या. पहिल्यांदा तपकिरी किंवा काळं येईल. कागद बदला, पुन्हा सोडा, द्रव स्वच्छ येईपर्यंत. घाई केलीत तर अर्धवट विरघळलेलं किटण नुसतं खालच्या पिनेवर जाऊन बसेल.

६. कॅमेऱ्याच्या रबरी फुंकणीने वाळवा. टायरच्या दुकानातला कंप्रेसर नको, त्याच्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं. पावसाळ्यात एक गोष्ट सांभाळा. सॉल्व्हंट उडताना धातू गार होतो आणि गार धातूवर हवेतली वाफ दवासारखी जमते. म्हणून वास पूर्ण गेल्यावर, म्हणजे निदान तासाभराने, ॲक्शन कोवळ्या उन्हात किंवा कोरड्या उबदार खोलीत ठेवा. ओलं असताना दिव्याखाली किंवा हेअर ड्रायरखाली कधीच नको.

७. पुस्तिका परवानगी देत असेल तर टाचणीच्या टोकावर तेलाचा थेंब घ्या आणि पिनेच्या टोकाला टेकवा. थेंब आपोआप आत खेचला जातो. एका पिनेला एवढं पुरे. सिअरच्या कडेला काही नाही. बाहेर चमक दिसली तर ती जास्तीची आहे, सुती कापडाने टिपून घ्या.

८. जोडणी झाल्यावर, चेंबर पुन्हा तपासून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून परीक्षा घ्या. बोल्ट बंद करा, सेफ्टी लावा, ट्रिगर ओढा, सोडा, सेफ्टी काढा: रायफल सुटता कामा नये. मग बोल्ट नेहमीपेक्षा जोरात काही वेळा बंद करा: तरीही नाही. त्यानंतर ट्रिगर ओढा: आता सुटली पाहिजे. .२२ मध्ये ही परीक्षा स्नॅप कॅप (पिनेचा ठोका झेलणारी नकली गोळी) किंवा ड्राय फायरचं (गोळीविना ट्रिगर ओढण्याचं) साधन घालूनच घ्या. रिकाम्या चेंबरवर काही रायफलींची पिन चेंबरच्या कडेला ठोका देते. यातली एकही परीक्षा चुकली तर गोळी भरायची नाही. रायफल आर्मररकडे, आणि काय केलंत, काय वापरलंत हे त्यांना खरं सांगायचं.

एअर रायफलवाल्यांनी थांबून वाचावं

तुमच्याकडे दारू जळत नाही, मेण नाही, काजळी नाही. तुमच्या ट्रिगरमध्ये जातं ते जॅकेटचे धागे, धूळ आणि कोणीतरी मायेने सोडलेलं तेल. कोरडा ब्रश आणि फुंकणी यांवर वर्षानुवर्षं भागतं. फवारा मारू नका, कारण सॉल्व्हंट सीलच्या रबरापर्यंत पोहोचतं, रबर फुगतं आणि हवा गळायला लागते.

हवेच्या वाटेवर तर पेट्रोलियम तेल किंवा ग्रीस कधीच नको. सिलिंडरमध्ये २०० बारची हवा असते. हवा झपाट्याने दाबली गेली की तापते आणि तेलाची वाफ पेट घेऊ शकते. स्प्रिंगच्या एअरगनमध्ये चेंबरला तेल सोडल्यावर धूर आणि मोठा आवाज येतो, तो यामुळेच. सीलना फक्त उत्पादकाने सांगितलेलं सिलिकोन वंगण द्यायचं, तेही सिलिंडर काढून आणि उरलेली हवा सोडून देऊन.

पावसाळा आणि दसरा

जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणात लोक गंजाच्या भीतीने रायफल तेलात माखतात. भीती खरी आहे, पण गंज रोखायचा तो बाहेरून. नळी आणि बोल्ट तेलाच्या कापडाने पुसा, ट्रिगरकडची बाजू कोरडी ठेवा. रायफल फोमच्या केसमध्ये ठेवून देऊ नका, फोम ओल धरून ठेवतो. कपाटात सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की ते तापवून परत वापरा. कॅमेऱ्याचं ड्राय कॅबिनेट क्लबने मिळून घेतलं तर त्या पैशाचं चीज होतं.

खंडेनवमीला आणि दसऱ्याला आपण शस्त्रपूजा करतो आणि ती करावीच. हळदकुंकू, अक्षता आणि फूल कुंद्यावर वाहा, बोल्ट बंद ठेवा आणि ॲक्शनवर स्वच्छ कापड घाला. कुंकवाची पूड सिअरच्या फटीतून आत गेली तर ती काढायला वरच्या सगळ्या पायऱ्या कराव्या लागतात. पूजेच्या दिवशी सॉल्व्हंटने सफाई करायची असेल तर ती निरांजन लावण्याच्या कितीतरी आधी उरका.

किती दिवसांनी धुवायचं, असं सगळे विचारतात. .२२ ने नियमित सराव असेल तर हंगाम संपल्यावर एकदा, शिवाय तिसऱ्या पायरीतली लक्षणं दिसली तर लगेच. मोठ्या स्पर्धेच्या आदल्या रात्री कधीच नाही. धुतलेला ट्रिगर बोटाला वेगळा लागतो, त्याची सवय व्हायला सरावाचे काही दिवस हाताशी हवेत.

वापरलेल्या चिंध्या आणि कागद घरातल्या कचऱ्याच्या डब्यात बोळा करून टाकू नका. उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा, मग टाका. कुंद्याला जवसाचं तेल लावलेली चिंधी तर बोळा करून ठेवली की आपोआप तापून पेटू शकते. ती पाण्यात भिजवूनच टाकायची. शेवटी हात साबणाने आणि थंड पाण्याने धुवा, आणि कामाचे कपडे घरच्यांच्या कपड्यांपासून वेगळे धुवायला टाका.